आरतीचा तास मोजायचा का?

मागच्या अंकात एनएसएसच्या, म्हणजे कॉलेजातल्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या, हिवाळी शिबिरांवर लिहिलं होतं, त्यात जाता जाता एक वाक्य टाकलं होतं की सरकारच्या पैशातून पोरांना लीडरशिप शिकवायची असेल तर त्यात देवधर्माची अट नको. त्या एका वाक्यावरच सगळ्यात जास्त पत्रं आली, काही रागावून, काही अगदी मनापासून, म्हणून यावेळचं अख्खं सदर त्याच विषयाला देतोय. मी स्वतः बरीच वर्षं कॉलेजात एनएसएसचा कार्यक्रम अधिकारी होतो, त्यामुळे कॅम्पबद्दल जे सांगतोय ते तिथे राहून बघितलेलं आहे. पत्रं थोडी छोटी केलीत, नावं छापलेली नाहीत.

प्रश्न : माझी मुलगी एस.वाय. बीकॉमला आहे, एनएसएसमध्ये आहे. यंदा दत्तक गावात सात दिवसांचा कॅम्प झाला. रोज पहाटे आणि संध्याकाळी आरती, आणि हजेरी नेमकी आरतीलाच घ्यायचे. आम्ही बौद्ध आहोत. ती सगळ्यांबरोबर शांत उभी राहायची पण हात जोडायची नाही. तिसऱ्या दिवशी तिला ग्रुप लीडरवरून काढलं, म्हणे लीडर सगळ्यात पुढे पाहिजे. घरी आल्यापासून गप्प आहे, एनएसएस सोडते म्हणते. सरकारी पैशावर चालणाऱ्या गोष्टीत असं करता येतं का? तक्रार केली तर तिचं नुकसान होईल का?
– एक आई, सातारा जिल्हा

उत्तर : ताई, आधी सरळ उत्तर. नाही, असं करता येत नाही. आणि लेकीला एनएसएस सोडू देऊ नका, ते तिच्या हक्काचं आहे.

आता नीट सांगतो. एनएसएस ही केंद्र सरकारची योजना, १९६९ ला गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी ३७ विद्यापीठांत सुरू झाली. पैसा सगळ्यांच्या टॅक्सचा. संविधानाच्या कलम २८ चा तिसरा भाग असं सांगतो की सरकारने मान्यता दिलेल्या किंवा सरकारी मदत घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत कुणालाही त्याच्या संमतीशिवाय धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला हजर राहायला लावता येत नाही, आणि मूल अठराच्या आतलं असेल तर पालकांची संमती लागते. आता कुणी म्हणेल की ते कलम संस्थेच्या आवारापुरतं आहे, कॅम्प तर गावात होता. असा वाद घालणारे भेटतात. पण कॅम्प कॉलेजचा, हजेरीपट कॉलेजचा, पुढे सर्टिफिकेट मिळणार ते त्याच हजेरीवर, मग कॉलेजची जबाबदारी गावाच्या वेशीवर संपली असं कसं म्हणणार? आणि कलम २५ मधलं सद्सद्विवेकबुद्धीचं स्वातंत्र्य तर कुठल्याच आवारात कोंडलेलं नाही.

कोर्टाचं म्हणाल तर दोन निकाल लक्षात ठेवा. एक आपल्या नाशिकचाच, एका शाळेतले शिक्षक प्रार्थनेला उभे राहायचे पण हात जोडायचे नाहीत, त्यावरून शाळेने त्यांची वरची वेतनश्रेणी अडवली, आणि २०१३ मध्ये मुंबई हायकोर्टाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. दुसरा १९८६ चा सुप्रीम कोर्टाचा, केरळमधल्या यहोवा विटनेस या ख्रिस्ती पंथाच्या तीन भावंडांचा. ती पोरं राष्ट्रगीताला आदराने उभी राहायची, फक्त गायची नाहीत कारण त्यांच्या श्रद्धेत ते बसत नव्हतं, शाळेने काढून टाकलं आणि सुप्रीम कोर्टाने परत घ्यायला लावलं. तिथे तर प्रश्न राष्ट्रगीताचा होता तरी कोर्टाने पोरांचं गप्प उभं राहणं मान्य केलं, मग आरतीला हात न जोडल्याची शिक्षा कुठल्या तोंडाने देणार?

मला सगळ्यात जास्त लागलं ते हजेरीचं. कॅम्पमध्ये ग्रुप लीडरचं काम काय असतं ते सांगतो. पहाटे आपल्या गटातल्या पोरींना उठवायचं, टमरेल-बादलीपासून पाण्याची सोय बघायची, श्रमदानाला निघताना घमेली, फावडी, टिकाव मोजून घ्यायचे आणि दुपारी मोजून परत द्यायचे. वनराई बंधारा बांधायचा असेल तर सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत वाळू भरून, तोंड शिवून, हातोहात ओळीने पास करायच्या, त्यात कोण दमलंय, कोण उगाच फोटो काढत उभंय, कुणाची कंबर धरलीय हे सगळं लीडरने बघायचं. दुपारी सर्व्हेचे फॉर्म घेऊन घरोघर, संध्याकाळी चपात्यांची पाळी. यातली एकही गोष्ट आरती म्हटल्याने जास्त चांगली होत नाही आणि न म्हटल्याने अडत नाही. तुमच्या मुलीच्या गटाची घमेली हरवली असती तर तिला काढायला कारण होतं. जे कारण दिलं ते लीडरशिपचं नाहीच.

काय करायचं? आधी कार्यक्रम अधिकाऱ्यांना एकदा भेटा, भांडायला म्हणून नको, बऱ्याच जणांना हे खरंच माहीत नसतं आणि गावकरी बोलावतात म्हणून आरतीला नेलं, तिथेच सगळे भेटतात म्हणून हजेरी घेतली, असं सवयीने होऊन जातं. ऐकलं नाही तर प्राचार्यांना लेखी द्या, कॉलेजच्या एनएसएस सल्लागार समितीचे अध्यक्ष तेच असतात, आणि त्याची प्रत विद्यापीठाच्या एनएसएस विभागाला. पत्रात राग कमी आणि तारखा जास्त लिहा. नुकसानीचं म्हणाल तर दोन वर्षांत २४० तास आणि एक शिबिर झालं की सर्टिफिकेट मिळतं, शिबिर तिचं झालेलं आहे, ती तास लिहिते त्या एनएसएसच्या डायरीच्या पानांचे फोटो आत्ताच काढून ठेवा म्हणजे तासांवरून उद्या कुणी शब्द फिरवणार नाही.

प्रश्न : तुमचं वाक्य वाचून वाईट वाटलं. मी ३४ वर्षं शिकवलं. श्रद्धा नसलेला पुढारी हा फक्त हिशेबी माणूस होतो. आपण राष्ट्रीय युवा दिन विवेकानंदांच्या जयंतीला करतो, सरकारी स्वच्छता अभियानाला गाडगेबाबांचं नाव देतो. मग शिबिरात दोन मिनिटं देवाचं नाव घेतलं तर बिघडलं कुठे? हवं तर सर्वधर्म प्रार्थना घ्या.
– निवृत्त शिक्षक, सांगली

उत्तर : गुरुजी, तुमच्या पत्रातलं अर्धं मला मान्य आहे आणि ते मनापासून सांगतो. श्रद्धेने माणसं सेवेला उभी राहतात हे खरंय. रामकृष्ण मिशन १८९७ पासून काम करतंय, गुरुद्वारात लंगर चालतो, कोकणात आणि गोव्यात चर्चच्या शाळांनी किती पिढ्या शिकवल्या, हे कोण नाकारेल. १२ जानेवारीला राष्ट्रीय युवा दिन असतो, १९८५ पासून आपण तो पाळतोय, त्याच दिवशी आपल्याकडे सिंदखेडराजाला जिजाऊंची जयंती असते, यात मला काहीच खटकत नाही, कारण मोठ्या माणसाबद्दल आदर शिकवणं वेगळं आणि उपासना करायला लावणं वेगळं. विवेकानंदांवर पोरांशी दोन तास बोला, मीच बौद्धिक सत्रात बोललोय. पोरं प्रश्न विचारतात, वाद घालतात, एखादं उठून म्हणतं की सर मला हे पटत नाही. उपासनेत असं म्हणायची सोय नसते ना, गुरुजी.

गाडगेबाबांचं नाव तुम्ही काढलंत ते बरं झालं. बाबा गावात यायचे ते हातात खराटा घेऊन, आधी गाव झाडायचे आणि मग रात्री कीर्तन करायचे. कीर्तनात देवाला नवस करणाऱ्यांना, बकरं कापणाऱ्यांना प्रश्न विचारून विचारून भंडावून सोडायचे. झाडायला आलेल्या माणसाला त्यांनी कधी आधी तुझा देव कुठला असं विचारलं नाही. २०००-०१ ला राज्य सरकारने ग्रामस्वच्छता अभियानाला त्यांचं नाव दिलं ते त्या खराट्यासाठी.

सर्वधर्म प्रार्थनेचं सांगतो. गांधीजींच्या आश्रमातून ती आली, एनएसएसचा जन्मच गांधी शताब्दीत झाला त्यामुळे आपल्या कॅम्पमध्ये ती रुजली, आणि एकाच देवाच्या आरतीपेक्षा ती कितीतरी मोकळी आहे हे मान्य. पण ज्याला प्रार्थनाच करायची नाही त्याचं काय? तो पोरगा वाईट आहे का? मी बघितलंय, प्रार्थनेला न येणारे काही जण श्रमदानाला सगळ्यात आधी हजर असायचे. म्हणून माझं म्हणणं एवढंच की घ्या, पण यायची सक्ती नको आणि न आलेल्याकडे डोळे वटारून बघणंही नको.

अजून एक. संविधान सभेत डिसेंबर १९४८ मध्ये सरकारी शाळांतल्या धर्मशिक्षणावर चर्चा झाली तेव्हा बाबासाहेबांनी अगदी व्यवहाराचा मुद्दा मांडला होता, की पैसा सगळ्यांचा, धर्म अनेक, आणि प्रत्येक धर्म म्हणणार माझाच मार्ग खरा, मग सरकारने शिकवायचं कुणाचं? त्याला आजही उत्तर नाही. सांगली-मिरजेत तर हे वेगळं सांगायला नको, मिरजेत दर्ग्याच्या उरुसात किराणा घराण्याच्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या आठवणीत गाणं होतं आणि ऐकायला सगळं गाव बसतं. अशा गावात पुढारी व्हायचं म्हणजे आपल्यासारखी नसलेली माणसं सांभाळता आली पाहिजेत, आणि त्याची प्रॅक्टिस एकाच प्रकारच्या पोरांच्या गटात होणार कशी?

प्रश्न : सर मी एनएसएस व्हॉलंटियर आहे, आम्ही वारीत स्वच्छतेला जातो, पालखी गेली की मागून सगळा कचरा गोळा करतो. माझा एक मित्र म्हणतो हे पण धार्मिक कामच झालं, मग सरकारी तासात कसं धरता. मला कळत नाही काय बोलू.
– पुणे

उत्तर : मित्राला सांग, लाखो माणसं एका रस्त्याने चालत जातात, खातात, झोपतात, तिथे कचरा उचलणं आणि शौचालयांची सोय बघणं हे सार्वजनिक आरोग्याचं काम आहे. उद्या नाशिकच्या सिंहस्थाला जाशील, वांद्र्याच्या माउंट मेरीच्या जत्रेला जाशील, हाजी मलंगच्या उरुसाला जाशील, काम तेच राहील. तास बिनधास्त धर. तुला दिंडीत टाळ घेऊन नाचावंसं वाटलं तर तेही कर, भरपूर कर, फक्त तो वेळ डायरीत लिहू नकोस. आणि गटातल्या ज्या कुणाला नाचायचं नाही त्याला ओढू नका.

प्रश्न : मुलगा आठवीत आहे, स्काउटमध्ये आहे. वचनात 'ईश्वर आणि देश यांच्याप्रती कर्तव्य' असं म्हणावं लागतं. आम्ही नवरा-बायको दोघंही देव मानत नाही, मुलगाही प्रश्न विचारतो. खोटं वचन देणं त्याला पटत नाही. स्काउट सोडायला लावावं का?
– लातूर

उत्तर : नका सोडायला लावू. मुलगा वचनाचा इतका विचार करतोय म्हणजे स्काउटिंगला असाच मुलगा पाहिजे.

भारत स्काउट्स अँड गाईड्स ही संघटना १९५० ला जुन्या संघटना एकत्र करून झाली. त्यांच्या वचनालाच एक टीप आहे की 'ईश्वर'च्या जागी 'धर्म' म्हणता येतं. ही टीप बऱ्याच स्काउट मास्तरांना माहीत असते पण वर्गात कुणी सांगत नाही, सगळ्यांकडून एकच पाठ करून घेतात. मास्तरांना भेटा आणि त्याप्रमाणे म्हणू द्या म्हणा. पण मी तुमच्या जागी असतो तर मलाही ते अर्धंच वाटलं असतं, कारण ज्याला दोन्ही नको त्याला तिसरा पर्याय नाही.

स्काउटिंग जिथे जन्मलं त्या ब्रिटनमध्ये हा पर्याय आलाय. मुलींच्या गर्लगायडिंगने २०१३ च्या सप्टेंबरपासून वचनातून देवाचा उल्लेखच काढला आणि त्याजागी स्वतःशी प्रामाणिक राहीन, माझ्या श्रद्धा घडवत राहीन अशा अर्थाचं आणलं. तिथल्या स्काउट संघटनेने जुनं वचन ठेवलं पण २०१४ पासून देव न मानणाऱ्यांसाठी वेगळं वचन जोडलं, हिंदू, मुस्लिम, बौद्ध मुलांसाठी वेगळे शब्द तर त्यांच्याकडे आधीपासूनच होते. मला दुसरा रस्ता जास्त आवडतो, कारण ज्याची श्रद्धा आहे त्याच्या तोंडातून ती काढून घ्यायचं काही कारण नाही. आपल्याकडेही असं वचन यायला पाहिजे, आणि ते पालकांनी मागितल्याशिवाय येणार नाही, तर तुम्ही लिहा, संघटनेच्या राज्य कार्यालयाला लिहा.

प्रश्न : मी अल्पसंख्याक महिलांसाठीच्या सरकारी 'नई रोशनी' योजनेत ट्रेनिंग घेतलं होतं, लीडरशिपचंच. तुमचा लेख दाखवून एक ओळखीचे म्हणाले की बघा, तुमची योजना पण धर्माशीच बांधलेली, ती पण बंद करायला पाहिजे होती. मला बोलता आलं नाही. खरंच तसं आहे का?
– मालेगाव

उत्तर : बहिणी, तू मला लिहिलंस ते बरं केलंस, कारण माझ्या वाक्याचा असा वापर होत असेल तर मलाच उत्तर द्यायला हवं.

ट्रेनिंग कुणाला द्यायचं आणि ट्रेनिंगमध्ये काय करायला लावायचं, या दोन गोष्टी त्यांनी एकात घातल्या. नई रोशनी २०१२-१३ ला आली, पुढे पीएम विकास योजनेत गेली. तुझ्या ट्रेनिंगमध्ये काय होतं? बँकेत खातं कसं उघडायचं, आरोग्य, कायद्याने मिळालेले हक्क, सरकारी ऑफिसात जाऊन अर्ज कसा द्यायचा. नमाज शिकवली का, रोजे विचारले का, कुठल्या फिरक्याची, म्हणजे पंथाची, आहेस विचारलं का? नाही ना. शिवाय त्या योजनेत पाव हिस्सा जागा इतर समाजाच्या बायकांना देता येत होत्या. ज्या समाजाच्या बायका शिक्षणात, नोकरीत मागे राहिल्यात त्यांना पुढे आणायला सरकारने खास पैसा ठेवणं हे आपल्याकडे नवीन नाही, अनुसूचित जातींसाठी बार्टी आहे, मराठा-कुणबी समाजासाठी सारथी आहे, ओबीसी-भटक्यांसाठी महाज्योती आहे, या सगळ्या सरकारी संस्था याच विचाराने चालतात. मुस्लिम, ख्रिश्चन, शीख, बौद्ध, जैन, पारशी यातल्या कुठल्याही घरात जन्मलेली बाई, मग ती देव मानत असो की नसो, तिथे बसू शकत होती. श्रद्धेची अट यात कुठेच नाही. हां, एखाद्या संस्थेने अशा ट्रेनिंगमध्ये बुरखा घातलाच पाहिजे किंवा काढलाच पाहिजे असं केलं असतं तर मी त्याच्याही विरोधात लिहिलं असतं.

प्रश्न : इथे अमेरिकेत चर्च, मंदिर, मशीद अशा संस्थांनाही सोशल कामासाठी सरकारी फंड मिळतो. मग ते कसं चालतं? तुमच्या हिशोबाने तर ते चुकीचंच.
– न्यू जर्सी

उत्तर : चुकीचं नाही, फक्त कुंपण नीट पाहिजे, आणि तिथे ते बऱ्यापैकी घातलंय. बुश यांनी जानेवारी २००१ मध्ये व्हाईट हाउसमध्येच अशा संस्थांसाठी ऑफिस काढलं, त्यावर खूप वादही झाले. पण नियम असा राहिला की थेट सरकारी पैशातून पूजा, प्रवचन, धर्मशिक्षण करायचं नाही, ते करायचंच असेल तर वेगळ्या वेळी किंवा वेगळ्या जागी आणि ज्याला यायचंय त्यानेच यायचं. मला त्यातली सगळ्यात उपयोगी गोष्ट अमेरिकॉर्प्सची वाटते, म्हणजे १९९३ च्या कायद्याने सुरू झालेली त्यांची सेवा योजना, थोडीफार आपल्या एनएसएससारखी पण मानधन देणारी. तिथे सेवेचे तास मोजले जात असताना धर्मशिक्षण द्यायला किंवा उपासना घ्यायला मनाई आहे. तास संपले की तो माणूस आपल्या घरचा, आपल्या चर्चचा, कुणी अडवत नाही.

हीच ओळ एनएसएसच्या मॅन्युअलमध्ये टाकावी असं मला फार वाटतं. कॅम्पमध्ये गावकऱ्यांबरोबर आरतीला, भजनाला, उरुसाला ज्याला जायचंय त्याने खुशाल जावं, गावात राहायचं तर गावाच्या सुखदुःखात जाणं आलंच, आपला मुक्कामही किती वेळा देवळाच्या सभामंडपातच असतो कारण गावात तेवढी मोठी जागा दुसरी नसते. फक्त तो तास मोजायचा नाही आणि तिथे हजेरी घ्यायची नाही. साताऱ्याच्या ताईंच्या लेकीचा प्रश्न एवढ्या एका ओळीने सुटला असता.

प्रश्न : आमचा देवस्थान ट्रस्ट आहे. दर उन्हाळ्यात युवक नेतृत्व शिबिर घेतो, आत्तापर्यंत देणगीवर. यंदा सरकारी अनुदानासाठी अर्ज करायचा विचार आहे. करावा का?
– अहिल्यानगर जिल्हा

उत्तर : करा की. तुमच्याकडे जागा आहे, भक्तनिवास आहे, स्वयंपाकघर आहे, शंभर पोरांची सोय सहज होते, ते सरकारने वापरलं तर चांगलंच आहे. कलम २७ म्हणतं की एखाद्या विशिष्ट धर्माच्या प्रसारासाठी किंवा देखभालीसाठी म्हणून राखलेला कर कुणाकडून सक्तीने घेता येत नाही, त्यामुळे तुम्ही हिशेब पहिल्यापासून वेगळा ठेवा. शिबिराचं खातं वेगळं, पावतीपुस्तक वेगळं, देवस्थानच्या उत्सवाचा मंडप किंवा अन्नदानाचं बिल यात घुसवू नका, ऑडिटला तर अडकालच पण गावातही नाव जाईल. जाहिरातीत 'सर्वांसाठी खुले' असं स्पष्ट छापा. प्रवेशाच्या फॉर्मवर धर्म-जातीचा रकाना असेल तर काढा, अनुदान देणाऱ्या खात्याला माहिती लागत असेल तर ती निवड झाल्यावर वेगळ्या कागदावर घ्या. तुमचे कीर्तनकार महाराज बोलायला येणार असतील तर त्यांच्याबरोबर एखाद्या सरपंचताई, एखाद्या तलाठी मॅडमही बोलवा. आणि जी पोरं काकड आरतीला येणार नाहीत त्यांच्यासाठी त्या वेळात काय ठेवताय, धावायला नेणार का झाडांना पाणी घालणार, ते टाइमटेबलवर आत्ताच लिहून टाका, म्हणजे ती पोरं कोपऱ्यात वेगळी बसलेली दिसणार नाहीत.